हलगी लावून आणलेली सून

माझी सासू एसटी स्टँडवर जीपमधून उतरली तेव्हा मी कँटीनच्या मागं कांदा चिरत बसले होते. त्यामुळं माझ्या डोळ्यांतलं पाणी आपल्याला बघून आलं, असं तिला वाटलं असेल तर वाटू दे.

ती सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी नवी साडी, आणि तोंडावर कधी नाही ते हसू.

"विजयमाला, वाळलीस गं," ती म्हणाली.

"स्टँडची हवा मानवत नाही, आत्याबाई. तुमचं कसं येणं झालं? गाडी चुकली का?"

तिनं इकडंतिकडं बघून घेतलं. कँटीनवाला भजी तळत होता, त्याचे कान मात्र आमच्याकडंच होते. ती खाली वाकली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "उत्तमचं लगीन ठरलंय. तुला न्यायला आलीया."

उत्तम म्हणजे माझा धाकटा दीर. स्वभावानं गरीब, थोरल्या भावापुढं त्याचं तोंड कधी उघडलं नाही. आणि तो थोरला भाऊ, हणमंत, माझा नवरा. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. आठ वर्षं ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याचं नाव घ्यायला कसली आलीय लाज? डाव्या कानानं मला अजून नीट ऐकू येत नाही, ती त्याचीच आठवण. शेवटी एका संध्याकाळी त्यानं मला अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर काढलं आणि दाराला आतून कडी घातली. कारण विचारू नका. कारण असतं तर मीच ते दुरुस्त केलं असतं.

भावाकडं गेले. भाऊ म्हणाला, "पोरीला ठेवून घेतो, तायडे. तुला ठेवली तर लोक काय म्हणतील?" माझी गौतमी तेव्हा सहा वर्षांची. तिला तिथं सोडलं आणि तालुक्याला खोली बघत फिरले. अर्धा गाव पालथा घातला. प्रत्येक घरमालकीण मला वरपासून खालपर्यंत बघायची आणि एकच विचारायची, "मालक काय करतात?" मालकांनी हाकललं म्हणून तर खोली पाहिजे होती, पण हे सांगितलं की दार बंद. मंगळसूत्र असलेल्या बाईला नवरा नसला तर या जगात चार भिंती मिळत नाहीत. विधवेलासुद्धा जरा कीव करून देतात.

मग स्टँड. स्टँडवर राहायचं असेल तर प्रवासी दिसावं लागतं, ही तिथली पहिली विद्या. मांडीवर पिशवी घट्ट धरायची. सकाळी एका गावच्या पाटीखाली, दुपारी दुसऱ्या गावच्या. मधूनमधून उठून कंट्रोलरला विचारायचं, "साहेब, गाडी लागली का?" आणि गाडी लागली की तोंड दुसरीकडं फिरवायचं. कँटीनवाल्यानं ओळखलं, पण भला माणूस. कांदा चिरायला बसवलं आणि दोन वेळचं खायला घालू लागला. असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मला फक्त एक छप्पर पाहिजे होतं आणि त्याखाली माझी लेक कुशीत पाहिजे होती. दुसरं काही नको होतं.

"मला न्यायला?" मी सासूला म्हटलं. "माझ्याशिवाय अडलंय व्हय लगीन?"

"अडलंय म्हणूनच आले, नाहीतर कशाला आले असते?" खोटं बोलायची तिला सवय नव्हती, तेवढं तिचं चांगलं. ती बाकड्यावर टेकली. "पोरीला आई न्हाई. आत्यानं वाढवलीया. हौसाबाई म्हणून हाय. बाई कसली, तोफखानाच हाय नुसता! ती म्हणती, आमच्यात थोरल्या सुनेनंच पयली हळद लावायची, आणि थोरल्या सुनेनंच नवरीला उंबऱ्यातनं आत घ्यायची. थोरली सून दिसली न्हाई, तर आमची पोर दिसायची न्हाई."

"मग सांगायचं थोरली मेली म्हणून."

"कसं सांगू? तुला हितं जिती बघितलेली पन्नास माणसं हायेत!" ती चिडून म्हणाली, आणि मग परत आवाज मऊ केला. "माहेरी गेलीया म्हणून सांगितलंय. चार दिवस चल. हळद, लगीन, पूजा. मग…"

"मग काय?"

तिनं साडीची घडी नीट केली. "मग बघू."

मग बघू म्हणजे मग परत कांदा. मला कळत नव्हतं का? पण मी लगेच नाही म्हटलं नाही. "उद्या सांगते," म्हटलं. साडी तेवढी ठेवून घेतली.

ती जाताच हात धुतले आणि मुजावर वकीलबाईंकडं गेले. स्टँडसमोर पिठाच्या गिरणीवर त्यांचं ऑफिस. घरात राहायला मिळावं म्हणून त्यांनीच माझा अर्ज कोर्टात टाकला होता. घर वडिलार्जित, त्यात हणमंतचा वाटा, तेव्हा मला तिथून काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हणमंतनं कोर्टात छातीला हात लावून सांगितलेलं, "बाई आपल्या मनानं घर सोडून गेली, साहेब. आता आम्ही काय करणार?" आणि मग तारखा. या महिन्याची, पुढच्या महिन्याची.

मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "बाई, नाचक्की करून घ्यायला कशाला जाऊ? त्यांचं काम झालं की परत लाथ आहेच."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो ताई, लक्ष्मी टिळा लावायला आलीय आणि तुम्ही तोंड धुवायला निघालात? घरात बसलेल्या बाईला बाहेर काढायला त्यांना हुकूम लागेल. बाहेरच्या बाईला आत घालायला मात्र माझ्या चपला झिजतायत. तुम्ही फक्त आत जा. चोरून जाऊ नका. पुढच्या दारानं, उजेडी, अख्ख्या गावादेखत जा. आणि एकदा आत गेलात की चुलीपासून हलू नका."

"आणि त्यानं मारलं तर?"

मी भ्याले होते. हे आज सांगायला मला काही वाटत नाही.

वकीलबाई गंभीर झाल्या. छळ होणाऱ्या बायकांसाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांचा फोन नंबर त्यांनी मला तिथंच पाठ करायला लावला, पोलीस ठाण्यात तसं लेखी कळवून ठेवलं. "लगीनघर आहे तोवर तो हात उचलणार नाही. पूजेनंतरच्या सकाळी जपा. त्याच दिवशी मी तुमचा अर्ज परत कोर्टापुढं ठेवते. 'आपल्या मनानं गेली' म्हणतो ना? तिला परत कुणी आणली, ते आता आपण विचारू."

दुसऱ्या दिवशी सासू आली. मी म्हटलं, "येते. पण सामानासारखी जीपमध्ये टाकून नाही येणार. रीत पाळायची तर पुरती पाळा. वेशीपासून पाच सवाष्णींनी न्यायचं, पुढं हलगी लावायची, भाकरतुकडा तुम्ही ओवाळायचा. आणि माझी गौतमी माझ्यासंगं पाहिजे."

"हलगी? बया गं! तू काय नवी नवरी हायस व्हय?"

"नवरी नाही, थोरली सून आहे. ती हौसाबाई बघत असेल की."

कच्चं कारलं चावल्यासारखं तिचं तोंड झालं. पण मुंडी हलवली.

हळदीच्या दिवशी सकाळी वेशीत मी गौतमीचा हात धरून उभी राहिले. शिवाप्पा हलगीवाल्यानं हलगी तापवून घेतली होती. त्यानं तिच्यावर पहिली काडी मारली आणि सगळ्या गल्लीची दारं उघडली. मला न्यायला आलेल्या पाच सवाष्णी कोण म्हणाल? शेजारपाजारच्याच. त्याच, ज्या माझं ओरडणं ऐकून खिडक्या लावून घ्यायच्या. शालन तर भिंतीला भिंत लावून राहायची. तिनं मला कुंकू लावलं, पण माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. मनात म्हटलं, आज तुझं कुंकू पाहिजे मला, बाकीचं मागाहून बघू.

हलगी कडाडत होती, पोरं पुढं नाचत होती, आणि ज्या रस्त्यानं मी अनवाणी पळत गेले होते त्याच रस्त्यानं नवी साडी नेसून चालत होते. गौतमी म्हणाली, "आई, लगीन आपलंच आहे का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, किती दिवसांनी कोण जाणे.

दारात मांडव. मांडवात खुर्ची टाकून एक धिप्पाड बाई पान चघळत बसली होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरीकडून हळदीला आलेली हौसाबाई ती हीच, हे सांगावं लागलं नाही. हणमंत नवा शर्ट घालून खांबाला टेकून उभा होता. माझ्याकडं बघून नुसता दात खात होता.

"हीच का थोरली?" हौसाबाईनं अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं.

"हीच की वो," माझी सासू साखर पेरत म्हणाली.

"मग ओवाळा की! लांबनं काय बघताय? आपली सून हाय, का लोकाची?"

सासूनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. गावातली निम्मी माणसं बघत होती. मी गौतमीला कडेवर घेतलं आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

हळद झाली, लग्न झालं. नवरीचं नाव दीपांजली. तिला उंबऱ्यातून आत घेतलं तेव्हा तिचा हात गार पडला होता. मनात आलं, या पोरीला सांगू का, कुठल्या घरात आलीस ते? पण अंगाची हळद न उतरलेल्या पोरीला काय सांगणार? तिचा हात तेवढा घट्ट धरला. पंगतीत वाढताना हणमंत माझ्या चांगल्या कानाशी येऊन म्हणाला, "पूजा होऊ दे. मग दावतो तुला." वाढायची पळी माझ्या हातातून सुटली. उचलली, आणि पुढच्या पानाला भात वाढला.

पूजेनंतरच्या सकाळी मांडव सुटला, पाव्हणे गेले. नवरीची पाठराखीण म्हणून हौसाबाई तेवढी मागं राहिली होती. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. हणमंत आत आला, माझी पिशवी उचलली आणि थेट अंगणात भिरकावली.

"झालं नाटक. ऊठ, नीघ."

मी भाकरी उलटली. दुसरी थापायला घेतली.

"ऐकू येत न्हाई का?"

"डाव्या कानानं नाही येत," मी म्हटलं. "तुम्हीच फोडलाय तो."

त्यानं दंडाला धरून मला फरफटत अंगणात आणलं. गौतमी किंचाळली. शेजारची दारं उघडली, आणि या खेपेला ती लागली नाहीत, कारण मी आवाज चढवला होता. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्यापुढं आवाज चढवला.

"काढा की बाहेर!" मी ओरडले. "पण मी अशी नाही जायची. कशी आणली होती मला? वाजत गाजत आणली होती! मग वाजत गाजत घालवा. शिवाप्पाला बोलवा, हलगी लावा, त्याच पाच सवाष्णी आणा आणि वेशीपर्यंत पोचवा. आणि वेशीत उभं राहून गावाला सांगा, हिला का घालवतोय ते. आत्याबाई, भाकरतुकडा तुम्ही ओवाळलात. आता हाताला धरून बाहेर पण तुम्हीच काढा!"

सासू दारात उभी होती. हणमंतनं हात उगारला, आणि शालन कुंपण ओलांडून पुढं आली.

"खाली घ्या हात, हणमंतदाजी," ती म्हणाली. "आम्ही हिला आणलीया. आम्ही घालवायच्या न्हाई." तिच्यामागं बाकीच्या चौघी. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या हातात खराटा.

तेवढ्यात दीपांजली आतून आली. हातातला चुडा खळखळ वाजत होता. कुणाकडं न बघता ती अंगणात गेली, माझी पिशवी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि आत नेऊन ठेवली. उत्तम बायकोकडं बघतच राहिला. मग तोही माझ्या आणि भावाच्या मधी येऊन उभा राहिला. हणमंतचा हात खाली आला.

दुपारी मुजावर वकीलबाई आल्या. बरोबर संरक्षण अधिकारी, एक हवालदार आणि कोर्टाचा तात्पुरता हुकूम. मला या घरातून कुणी काढायचं नाही आणि माझ्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, असं अधिकाऱ्यांनी अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचलं. हणमंतनं आपलं जुनं तुणतुणं सुरू केलं, "साहेब, बाई आपल्या मनानं घर सोडून गेली होती."

"आणि परत आली कशी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

बिदागी मागायला आलेला शिवाप्पा कोपऱ्यातून म्हणाला, "मीच वाजवत आणली की, साहेब! ह्यांच्या आईनंच सुपारी दिलीवती. सगळ्या गावानं बघितलंय."

अंगणात असा हशा पिकला की हवालदारसुद्धा तोंड फिरवून हसला. हणमंत पायात चपला सरकवून निघून गेला.

संध्याकाळच्या सुमाराला परसात हौसाबाई हातपाय धूत होती. मी तिला तांब्या दिला आणि म्हटलं, "मावशी, तुमच्यातली रीत होती म्हणून मी वाचले. एवढी कडक रीत मी कुठं बघितली नव्हती."

"कसली रीत?" ती म्हणाली. "आमच्यात जिच्या हाताला हळद घावंल ती लावती."

"मग तसं का सांगितलंत?" मी विचारलं.

"मी बाजारकरी बाई. रोज एका गावचा बाजार," पदरानं तोंड पुसत ती म्हणाली. "सोयरीक आली तशी मी या घराची चौकशी करत स्टँडवर उतरले. कँटीनवाल्याला इचारलं, तर त्यो म्हणला, त्यांची थोरली सून ही काय, कांदा चिरतीया. लांबनं बघितली तुला. दिवसभर बघत बसले. गाड्या येत्यात, जात्यात, आणि तू कांदा झाला तरी आपली पिशवी धरून बसलीस. मनात म्हटलं, पोरगा चांगला हाय, पण ज्या घरानं एक सून भायेर काढली ते दुसरीला किती दिवस ठेवील? माझी पोर द्यायची तर त्या घरात आधी एक बाई पाय रोवून बसलेली पायजे. एकटीला कुणीबी काढतंय. दोघींना काढायला कुणाचा हात पुरत न्हाई."

मला रडू आलं. या खेपेला कांदाबिंदा काही नव्हता. हौसाबाईनं माझ्या पाठीवर एक थाप मारली, चांगली सणसणीत, आणि म्हणाली, "रडायचं काय त्यात? माझ्या पोरीला बघ, म्हंजे झालं."

दिवेलागण झाली. आम्ही सगळे आत जेवायची तयारी करत होतो, आणि दारावर थाप पडली. मग लाथ. हणमंत पिऊन आला होता.

"आई, दार उघड! आज तिचा मुडदाच पाडतो."

गौतमी माझ्या मांडीत शिरली. दीपांजली भिंतीला टेकून उभी राहिली. उत्तम उठायला लागला, पण सासूनं हातानं त्याला खाली बसवलं आणि ती स्वतः उठली. गुडघे धरत दारापाशी गेली. कोर्टाचा हुकूम खरा, पण आई ती आई. लेक दारात उभा असताना कुठली आई दार उघडत नाही?

तिनं कडीला हात घातला. क्षणभर तशीच थांबली. मग दाराच्या मागं उभा करून ठेवलेला अडसर तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि दारावर आडवा घातला.

"मळ्यात जाऊन नीज," ती म्हणाली. "हितं सुना हायेत."

"आई! घर माझं हाय!"

"तुझा बापबी असंच म्हणायचा," सासू दाराकडं तोंड करून म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तू पोटात हुतास तवा थंडीत मला ह्याच दाराच्या भायेर ठेवली हुती. माझ्या सासूनं आतनं सगळं ऐकलं, पर कडी काढली न्हाई. मला न्यायला कोण हलगी घेऊन आलं न्हाई, हणमंता. आता ही कडी माझ्या हातात हाय. जा तू."

बाहेर थोडा वेळ शिव्या चालल्या. मग पावलं मळ्याच्या वाटेनं गेली.

चुलीवर आमटीला उकळी येत होती. सासू मागं वळली, पदरानं नाक पुसलं, आणि माझ्याकडं बघून खेकसली, "बघत काय बसलीस, थोरले? ताटं घे."

मी उठून ताटं घेतली.